लिस्बनचा भूकंप आणि धर्मगुरूंना विचारलेले तेरा प्रश्न

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला घेतला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज अमलाची अखेर झाली. ही हकीकत आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी त्याच पोर्तुगीजांची राजधानी लिस्बन एका सकाळी जमीनदोस्त झाली, आणि ती पाडण्यासाठी कोणाचीही फौज चालून आली नव्हती, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आली असेल. प्रथम भूकंप, मग समुद्राच्या लाटा आणि शेवटी आग, अशा तीन आपत्तींनी मिळून हे काम केले. दिवस होता १ नोव्हेंबर १७५५, म्हणजे सर्व संतांचा सण. वेळ होती सकाळच्या मिस्साची.

या घटनेचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. संबंध दोन प्रकारचा आहे. या भूकंपानंतर पोर्तुगालमध्ये जे राजकारण घडले त्याची झळ थेट गोव्याला लागली. दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. देवळात प्रार्थना करणाऱ्या माणसांवरच देवळाचे छत का कोसळावे, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या युरोपने विचारला. तो प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. प्रत्येक धर्मगुरूला तो कधी ना कधी एखाद्या शवपेटीशेजारी उभे असताना ऐकावाच लागतो.

त्या दिवसाची सकाळ

अठराव्या शतकाच्या मध्यावर लिस्बन हे युरोपातील श्रीमंत नगरांपैकी एक होते. ब्राझीलमधील सोने आणि हिरे यांचा ओघ टेगस नदीच्या मुखातून शहरात येत असे. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास असावी. शहरात चाळीसच्या घरात धर्मग्राम होते. मठ, विहार आणि लहानमोठी प्रार्थनामंदिरे तर असंख्य. नदीकाठी राजवाडा होता. त्याच्या ग्रंथालयात सुमारे ७०,००० ग्रंथ होते आणि भिंतींवर तिशियन, रुबेन्स यांच्यासारख्या थोर चित्रकारांची चित्रे होती. राजवाड्यालगतच त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत एक भव्य संगीत नाट्यगृह उघडण्यात आले होते. त्याला अजून वर्षही पुरे झाले नव्हते.

शनिवारचा दिवस. आकाश निरभ्र होते. सण असल्यामुळे सर्व चर्चेस माणसांनी फुलून गेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊच्या पुढे काही मिनिटे गेली असतील, तोच जमिनीखालून गडगडाट ऐकू आला. धक्के एकामागून एक आले. ते किती वेळ टिकले याविषयी त्या काळच्या वृत्तांतांत एकवाक्यता नाही. साडेतीन मिनिटांपासून सहा मिनिटांपर्यंतचे आकडे आढळतात. ज्याने भूकंप अनुभवला आहे त्याला साडेतीन मिनिटे म्हणजे किती काळ, हे सांगावे लागणार नाही.

या भूकंपाचे उगमस्थान लिस्बनमध्ये नव्हते. ते पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला, सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराच्याही पलीकडे, अटलांटिक महासागराच्या तळाशी होते. तेथे आफ्रिका आणि युरेशिया हे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड पट्ट एकमेकांना रेटत असतात. शतकानुशतके साचलेला ताण त्या सकाळी सुटला. नेमका कोणता प्रस्तरभंग सरकला यावर आजही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र भूकंपाची तीव्रता साडेआठच्या आसपास, कदाचित त्याहूनही अधिक असावी, असे बहुतेकांचे अनुमान आहे. लिस्बनपासून शेकडो कोस दूर असलेल्या स्कॉटलंडमधील सरोवरांचे पाणी त्या दिवशी हेलकावले. मोरोक्कोतील नगरेही कोसळली आणि तेथेही हजारो माणसे दगावली.

चर्चेसची अवस्था सर्वांत वाईट झाली. उंच घुमट आणि दगडी कमानी यांना भूकंपाचे धक्के सोसत नाहीत. चाळीसपैकी पस्तीस धर्मग्रामांची चर्चेस कोसळली असे इतिहासकार सांगतात. टेकडीवरील कार्मेलाइट मठाच्या चर्चचे छत उपासकांवर पडले. ते चर्च पुन्हा छतबंद करण्यात आले नाही. त्याच्या नुसत्या कमानी आजही आकाशाखाली उभ्या आहेत. वसईच्या किल्ल्यातील छप्पर नसलेल्या चर्चेसमधून जो हिंडला आहे, त्याला त्या कमानींचे चित्र पाहून आपलेच काहीतरी पाहिल्यासारखे वाटेल.

आपणा सर्वांच्या लाडक्या संत अंतोनीचा जन्म लिस्बनचा. त्याच्या जन्मस्थानी बांधलेले चर्चही त्या दिवशी पडले. तळघरातील प्रार्थनास्थान तेवढे वाचले. पुढे त्याची उभारणी झाली तेव्हा शहरातील मुलांनी "संत अंतोनीसाठी एक पैसा" असे म्हणत दारोदार जाऊन वर्गणी गोळा केली, अशी आठवण सांगितली जाते.

पाणी आणि आग

धक्के थांबल्यावर वाचलेली माणसे अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडली. पडझडीच्या भीतीने ती मोकळ्या जागेकडे धावली, आणि शहरातील सर्वांत मोकळी जागा म्हणजे नदीचा काठ. राजवाड्यासमोरील चौकात आणि धक्क्यांवर हजारोंची गर्दी झाली. कोणी गुडघे टेकून प्रार्थना करीत होते, धर्मगुरू लोकांची पापनिवेदने ऐकत होते.

भूकंपानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी नदीचे पाणी अकस्मात मागे हटले. तळ उघडा पडला. बुडालेली जुनी गलबते आणि हरवलेला माल चिखलात दिसू लागला. लोक ते नवल पाहत असतानाच समुद्र परतला. लाटेमागून लाट आली. जी जागा सुरक्षित समजून लोक गोळा झाले होते, तीच त्यांची मरणभूमी ठरली. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील आल्गार्व्ह प्रांताला याहून मोठा तडाखा बसला. स्पेनमधील कादिझ नगरात लाटा घुसल्या. त्याच दिवशी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर, आणि महासागर ओलांडून वेस्ट इंडीजच्या बेटांवरही पाणी चढले.

तिसरी आपत्ती आगीची. वेदीवरील मेणबत्त्या आणि स्वयंपाकघरांतील चुली यांनी पडलेल्या लाकडांना पेट दिला. वाऱ्याने आगी एकत्र केल्या आणि मध्यवर्ती शहर पाच-सहा दिवस जळत राहिले. भूकंपात जे पडले नव्हते ते आगीने नेले. "सर्व संतांचे राजरुग्णालय" या नावाच्या मोठ्या इस्पितळातील शेकडो रुग्ण सर्व संतांच्या दिवशीच मरण पावले. राजवाडा, ग्रंथालय, नवे नाट्यगृह, सारे गेले. राजवाड्याच्या आवारातच "कासा दा इंडिया" म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी होती. तिच्या दप्तरात वास्को द गामापासूनच्या सफरींचे कागद होते. तेही नष्ट झाले. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची काही पाने त्या राखेत आहेत, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

सुदैवाने राज्याचे मुख्य दप्तरखाने वाचले. ज्या बुरुजात ते ठेवलेले होते तो "तोरे दो तोंबो" कोसळला. पण त्याचे रखवालदार मानुएल दा माइया यांनी कागदपत्रे ढिगाऱ्यातून काढून तात्पुरत्या खोपटात हलविली. त्यांचे वय तेव्हा ७८ वर्षांचे होते.

किती माणसे मेली? लिस्बनमधील मृतांचे आकडे १०,००० पासून ६०,००० पर्यंत निरनिराळे दिले जातात. नोंदी ठेवणारे आणि नोंदवह्या, दोन्ही ढिगाऱ्याखाली गेल्यावर नेमका आकडा कोण सांगणार?

मृतांना मूठमाती, जिवंतांना भाकर

राजा पहिला जोझे आणि राजघराणे पहाटेचा मिस्सा ऐकून शहराबाहेर बेलें येथे गेले होते, म्हणून ते बचावले. राजाच्या मनात दगडी छताची अशी काही धास्ती बसली की पुढे आयुष्यभर तो लाकडी वाड्यात राहिला. कारभाराची सूत्रे त्याच्या एका मंत्र्याने हाती घेतली. त्याचे नाव सेबाश्तियांव जोझे द कार्व्हाल्यो. पुढे तो पोंबालचा मार्क्विस झाला आणि इतिहासात पोंबाल या नावानेच ओळखला जातो.

आता काय करावे, असे राजाने विचारले तेव्हा मृतांना मूठमाती द्यावी आणि जिवंतांना भाकर द्यावी, असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे. शब्द कोणाचेही असोत, काम मात्र त्याबरहुकूम झाले. रोगराई पसरू नये म्हणून मृतदेह होड्यांत भरून समुद्रात सोडावे लागले. ख्रिस्ती माणसाला आपल्या मृतांची अशी पाठवणी करणे किती जड गेले असेल! पण धर्माधिकाऱ्यांनी त्यास अनुमती दिली. धान्याचे भाव बांधून देण्यात आले. लुटारूंना जरब बसावी म्हणून उंच जागी फाशीचे खांब उभारण्यात आले आणि तीसहून अधिक जणांना फासावर चढविण्यात आले. शहर सोडून जाणाऱ्या धडधाकट माणसांना ढिगारे उपसण्यासाठी परत आणले गेले.

मानुएल दा माइया यांनीच नव्या शहराचे आराखडे मांडले. एउजेनिओ दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल या अभियंत्यांनी ते प्रत्यक्षात आणले. रुंद आणि सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरे, आणि भिंतींच्या आत लाकडी वाशांचा पिंजरा, अशी नवी रचना ठरली. धक्का बसला तर हा पिंजरा हलतो पण मोडत नाही. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली गेली, असे सांगतात. भूकंपाचा विचार करून बांधलेल्या युरोपातील पहिल्या इमारतींत लिस्बनच्या या घरांची गणना होते.

मालाग्रिदा आणि पोंबाल

शहर पुन्हा उभे राहू लागले, परंतु मनांतील पडझड सावरणे कठीण होते. चर्चेस पडली, आणि बदनाम वस्तीतील काही घरे मात्र उभी राहिली. याचा अर्थ लोकांनी काय लावावा? प्रॉटेस्टंट देशांतील काही उपदेशकांनी हा पोर्तुगालच्या मूर्तिपूजेबद्दलचा दंड आहे असे सांगितले. पोर्तुगालमधील काही उपदेशकांनी हा लिस्बनवासीयांच्या चैनीबद्दलचा दंड आहे असे सांगितले. दोघांचा देव एकच होता, आणि त्याचा हिशेब आपल्याला कळला आहे अशी दोघांचीही खात्री होती.

या उपदेशकांत अग्रभागी होते येशूसंघाचे फादर गाब्रिएले मालाग्रिदा. ते मूळचे इटलीचे. तारुण्यात ते ब्राझीलच्या अरण्यात गेले आणि जवळजवळ तीन दशके त्यांनी तेथे अनवाणी पायांनी प्रवचने करीत, मठ आणि आश्रम उभारीत काढली. लोक त्यांना जिवंतपणीच संत मानीत. १७५६ साली त्यांनी भूकंपाच्या खऱ्या कारणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भूकंपाला नैसर्गिक कारणे आहेत असे म्हणणे हाच अधर्म आहे, आपल्या पापांनीच लिस्बन पाडले, आणि आता घरे बांधण्यात वेळ दवडण्यापेक्षा लोकांनी तपसाधना करावी, असा तिचा आशय होता.

पोंबालला हे सहन होण्यासारखे नव्हते. भूकंपाच्या पहिल्या स्मृतिदिनी पुन्हा शहर बुडणार, अशा अफवांनी लोक आधीच भयभीत झाले होते. मालाग्रिदांना राजधानीतून सेतुबाल गावी धाडण्यात आले. येथवर पोंबालची बाजू समजू शकते. ढिगारे उपसणाऱ्या हातांना कुदळ खाली ठेवायला सांगणे हे कोणत्याही राज्यकर्त्याला परवडणारे नव्हते. परंतु पुढे जे घडले त्याचे समर्थन कोणीही करू शकणार नाही.

१७५८ च्या सप्टेंबरात राजावर गोळीबार झाला. ताव्होरा नावाच्या सरदार घराण्यावर आरोप ठेवून जानेवारी १७५९ मध्ये त्यातील स्त्री-पुरुषांना अत्यंत क्रूरपणे मारण्यात आले. कटात येशूसंघाचाही हात होता असे जाहीर झाले आणि ३ सप्टेंबर १७५९ रोजी संघाला पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करणारा हुकूम निघाला. वृद्ध मालाग्रिदा अंधारकोठडीत होते. एकांतवासाने त्यांचे मन ढळले होते. त्या अवस्थेत त्यांनी लिहिलेल्या कागदांवरून त्यांच्यावर पाखंडाचा ठपका ठेवण्यात आला. इन्क्विझिशनच्या न्यायासनावर तेव्हा पोंबालचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी लिस्बनच्या भर चौकात ७२ वर्षांच्या त्या धर्मगुरूचा गळा आवळून देह जाळण्यात आला. येशूसंघाचा कट्टर टीकाकार व्हॉल्तेअर, त्यानेसुद्धा या शिक्षेचा धिक्कार केला.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. १७५६ साली राजाच्या विनंतीवरून पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी भूकंपापासून पोर्तुगालचे रक्षण करणारा आश्रयदाता संत म्हणून एका संताची नेमणूक केली. तो संत होता फ्रान्सिस बोर्जिया, येशूसंघाचा तिसरा महाप्रमुख. तीन वर्षांनी त्याच संघाला देशाबाहेर काढण्यात आले.

ही झळ गोव्याला लगोलग पोहोचली. तेथील येशूसंघीय धर्मगुरूंना आणि बंधूंना अटक झाली. त्यांना जहाजांत घालून लिस्बनला नेण्यात आले आणि त्यांतील अनेकांनी साऊं जुलियांवच्या किल्ल्यातील तळघरांत वर्षानुवर्षे कैद भोगली. बॉम जेझूचे महामंदिर त्यांच्या हातून गेले. येशूसंघीयांनी जाताना संत फ्रान्सिस झेवियरचा पवित्र देह पळविला, अशी कुजबूज गोव्यात सुरू झाली. तिचे निराकरण करण्यासाठी १७८२ साली तो देह लोकांच्या दर्शनासाठी जाहीररीत्या ठेवण्यात आला. आज आपण गोव्याला ज्या शवप्रदर्शनासाठी भाविकतेने जातो, त्या परंपरेचा एक धागा असा लिस्बनच्या ढिगाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. पुढे १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी साऱ्या येशूसंघाचेच विसर्जन केले. १८१४ साली पोप सातवे पायस यांनी त्याची पुन्हा स्थापना केली.

मालाग्रिदा हे तपस्वी होते, पण ते जे जाणत नव्हते ते त्यांनी देवाच्या नावाने सांगितले. पोंबाल हा कर्तबगार होता, पण त्याने शहर बांधता बांधता माणसे चिरडली. एकाची भक्ती आणि दुसऱ्याची बुद्धी, दोन्ही मोठ्या होत्या. भूकंपात होरपळलेल्या साध्या माणसाबद्दलची करुणा त्या मानाने उणी पडली.

तेरा प्रश्न

या दोघांच्या संघर्षात एक शांत काम मात्र इतिहासाच्या पुस्तकांतून मागे पडते. ते काम धर्मग्रामांच्या धर्मगुरूंनी केले.

१७५६ च्या आरंभी सरकारने देशभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठविली. तीत तेरा प्रश्न होते. भूकंप किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला? एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक जाणवला काय? किती घरे पडली? किती माणसे मेली? झरे, विहिरी आणि नद्या यांत काही फरक दिसला काय? समुद्र प्रथम ओसरला की प्रथम चढला, किती हात चढला आणि किती वेळा? जमिनीला भेगा पडल्या काय, आणि त्यांतून काही बाहेर आले काय? पुन्हा धक्के बसले काय? पूर्वीच्या एखाद्या भूकंपाची आठवण कोणाला आहे काय? आग लागली असल्यास किती दिवस टिकली? अन्नाची टंचाई झाली काय?

या प्रश्नांत एक गोष्ट विचारलेली नाही, ती म्हणजे भूकंप कोणाच्या पापामुळे झाला. पाहिले ते सांगा, मोजले ते लिहा, एवढेच मागणे होते. धर्मगुरूंनी ते केले. कोणाचे स्वतःचे चर्च पडले होते, कोणी धर्मग्रामातील शेकडो माणसे पुरून आला होता. तरी त्यांनी विहिरीचे पाणी गढूळ झाले की नाही, समुद्र कोणत्या दिशेने आला, याची माहिती गावातील माणसांना विचारून लिहून पाठविली. १७५८ साली आणखी एक मोठी प्रश्नावली धर्मग्रामांना गेली. फादर लुईस कार्दोसो यांनी देशाचा एक भौगोलिक कोश हाती घेतला होता. त्याचे पुढील हस्तलिखित भूकंपात नष्ट झाल्यामुळे माहिती पुन्हा जमविणे भाग होते. या वेळी इतर अनेक प्रश्नांबरोबर भूकंपाने झालेल्या हानीचाही प्रश्न होता. ती उत्तरे लिस्बनच्या तोरे दो तोंबो दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेली आहेत.

भूकंपशास्त्राचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या उत्तरांकडे त्या शास्त्राची एक पायाभरणी म्हणून पाहतात. एकाच भूकंपाविषयी शेकडो गावांतून, एकाच पद्धतीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यामुळे धक्क्याची तीव्रता कोठे अधिक होती, कोठे कमी होती आणि लाटा कोठवर चढल्या, हे पडताळता येऊ लागले. आजही लाटांची उंची ठरविताना त्या नोंदी उपयोगी पडतात.

इतरत्रही विचारचक्र फिरू लागले होते. स्पेनमधील वृद्ध बेनेडिक्टाईन संन्यासी फेइजो यांनी भूकंपाच्या भौतिक कारणाविषयी लिहिले. त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही, पण निसर्गाची कारणे शोधणे हे श्रद्धेला बाधक नाही, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने दाखविले. जर्मनीत तरुण इमान्युएल कांट यांनी १७५६ साली या विषयावर तीन निबंध लिहिले. १७६० साली इंग्लंडमधील जॉन मिशेल यांनी भूकंपाचे धक्के लहरींच्या रूपाने जमिनीतून प्रवास करतात असे मांडले. व्हॉल्तेअरने या आपत्तीवर प्रदीर्घ कविता लिहून, जगात सारे काही ठीक चालले आहे असे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना जाब विचारला. त्याला रूसोने पत्रातून उत्तर दिले. एवढी उंच घरे एकमेकांना खेटून निसर्गाने नव्हे, माणसांनी बांधली होती, आणि अनेक जण आपली चीजवस्तू घेण्यासाठी परत गेल्यामुळे मेले, असा त्याचा रोख होता.

पुढे काळाने एक सूड उगविला असे वाटते, पण तो गोड आहे. विसाव्या शतकात अमेरिकेसह अनेक देशांत येशूसंघाच्या विद्यालयांनी भूकंपमापनाची केंद्रे चालविली. त्यांच्या कामामुळे भूकंपशास्त्राला "येशूसंघीयांचे शास्त्र" असे नावच पडले. मालाग्रिदांच्याच बांधवांनी भूकंपाची नैसर्गिक कारणे शोधण्यात आपले आयुष्य वेचले.

शिलोहाचा बुरूज

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देवळात असलेल्या माणसांवरच छत का पडले?

प्रभू येशूसमोर हाच प्रश्न एकदा आला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात त्याची हकीकत आहे. यरुशलेममधील शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने लोकांना स्पष्ट बजावले. त्याच वेळी त्याने ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची हाक दिली. योहानकृत शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले. तेव्हाही प्रभूने दोष ना त्या माणसाच्या पदरी बांधला, ना त्याच्या आईबापांच्या.

मालाग्रिदांना हा उतारा ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. पश्चात्तापाची हाक त्यांनी ऐकली, पण मृतांचा न्याय करू नका ही सूचना त्यांच्या कानांवरून गेली. पश्चात्ताप हा वाचलेल्याने स्वतःसाठी करावयाचा असतो. मेलेल्याच्या अंगावर तो दोषारोप म्हणून फेकायचा नसतो. एखाद्या घरी तरणाबांड मुलगा अपघातात जातो, तेव्हा समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी "काहीतरी चुकलेच असेल" असे हळूच म्हणतो. असे म्हणणाऱ्याला आपण मालाग्रिदांचे वारसदार आहोत याची कल्पना नसते.

मग देवाने हे का होऊ दिले? ख्रिस्तसभेने या प्रश्नाला गणिताचे उत्तर दिलेले नाही. तिने क्रूसाकडे बोट दाखविले आहे. निष्पाप असून मारला गेलेला, आणि आपल्याला का सोडले असे पित्याला विचारणारा तो पुत्र, ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाच्या शेजारी असतो, असा आपला विश्वास आहे. हा विश्वास दुःख नाहीसे करीत नाही. दुःखी माणसाला एकटे सोडीत नाही.

आपला किनारा

लिस्बनची ही गोष्ट परदेशाची आणि जुन्या काळाची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही. आपलाही अरबी समुद्र अगदी निर्धोक नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळी मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत आल्या. तेथे पाणी सुमारे २ मीटर चढले आणि काही माणसे वाहून गेली. २६ डिसेंबर २००४ चा रविवार तर आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो. सुमात्राजवळच्या समुद्रतळी झालेल्या भूकंपाच्या लाटांनी हिंदी महासागराच्या भोवती सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेतला. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी वेलंकणीला जमलेल्या यात्रेकरूंपैकी शेकडो जण त्यात गेले. तेथेही लोक प्रार्थनेसाठीच आले होते. तेथेही "का?" हा प्रश्न विचारला गेला.

परंतु त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो लिस्बनच्या तेरा प्रश्नांत होता: समुद्र प्रथम ओसरला काय? २००४ साली काही किनाऱ्यांवर पाणी मागे हटले तेव्हा उघड्या पडलेल्या तळावर लोक कुतूहलाने गेले, जसे १७५५ साली टेगसच्या काठी लोक पाहत उभे राहिले होते. मधल्या अडीचशे वर्षांत ती माहिती पुस्तकांत होती, लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. २००७ पासून हैदराबाद येथे आपल्या देशाचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. तरीही किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने काही गोष्टी मुलांना शिकवून ठेवाव्यात. समुद्राजवळ असताना जमीन जोराने आणि बराच वेळ हलली, किंवा भरती-ओहोटीच्या वेळेशी न जुळणारी ओहोटी दिसली, तर कोणाच्या निरोपाची वाट न पाहता उंच जागी जावे. एक लाट येऊन गेली म्हणून खाली उतरू नये. मागून येणारी लाट अधिक मोठी असू शकते. चीजवस्तूंसाठी परत फिरू नये.

ही शिकवण प्रवचनात सांगितली तर ते प्रवचन कमी धार्मिक होईल असे मला वाटत नाही. शेजाऱ्याचा जीव वाचविणे हा प्रीतीच्या आज्ञेचाच भाग आहे. १७५६ साली आपल्या मोडक्या मेजावर बसून विहिरींची आणि लाटांची नोंद करणारे ते गावोगावचे धर्मगुरू हेच करीत होते. त्यांतील बहुतेकांची नावे आपण कधी ऐकणार नाही. त्यांनी आधी मृतांसाठी मिस्सा अर्पण केला असेल आणि मग लेखणी हाती घेतली असेल.

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. सर्व संतांच्या सणाला आपण चर्चमध्ये जमू तेव्हा लिस्बनच्या त्या उपासकांसाठीही एक प्रार्थना करू या. त्यांच्यातील कित्येकांच्या नोंदवह्या जळाल्या, देह समुद्रात गेले, आणि कबरीवर नाव लिहायलाही कोणी उरले नाही. सर्व संतांचा सण मुळात अशांचाच आहे: ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, पण जी परमेश्वराला ठाऊक आहेत.